ऑरिनची कळी

व्हर्नाच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर माझा अंगठा उमटला, आणि तो साधासुधा उमटला नाही. सकाळपासून आम्ही दोघं गांजाच्या कळ्यांभोवतीची पानं छाटत बसलो होतो. त्या कामात बोटांवर जो काळा चीक चढतो, त्यापुढे डिंकानं लाजावं. "दे इकडे, मी बघतो," म्हणत मी कॅमेरा घेतला आणि नेमका काचेवरच अंगठा टेकवला. मग घाबरून बाहीनं पुसायला गेलो. बाही अंगठ्याच्या वरताण होती.

"झालं समाधान, एल्डन?" व्हर्ना म्हणाली. रागावली नाही. रागवायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते, आणि हंगाम सरताना हम्बोल्टच्या या डोंगरात ती कुणाकडेच उरलेली नसते.

व्हर्ना माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे मध्ये एक टेकडी आणि एक ओढा. तिच्या नवऱ्यानं, ऑरिननं, या गांजाचं बी जन्मभर जपलं, तेही चोरून. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घरघरलं की आम्ही सगळे झाडांच्या बुंध्याला चिकटायचो. त्या काळात डोंगराचा एकच दंडक होता: बागेत कॅमेरा आणायचा नाही. फोटो म्हणजे पुरावा. पाहुणा कॅमेरा घेऊन आलाच, तर पाहुण्याला पोटभर जेवू घालायचं आणि कॅमेरा गाडीत कोंडायचा. ऑरिनचं सगळं आयुष्य बागेत गेलं, त्यामुळे लग्नातला एक सोडला तर त्याचा फोटोच नाही.

आता सगळं कायद्यात बसलं, ऑरिन गेला, आणि शहरातल्या दुकानदारानं मागितला तो फोटोच! कळीचा, अगदी जवळून, स्वच्छ. संध्याकाळपर्यंत पोचला तर बरणीवर 'ऑरिन' हे नाव आणि फोटो लागणार. नाही पोचला तर माल बिननावाच्या ढिगात.

"ढिगात गेला की गेलाच तो," व्हर्ना म्हणाली. ती मालाबद्दल बोलत होती असं मी धरून चाललो.

कात्र्या पुसायचं स्पिरिट कापसावर घेऊन तिनं भिंग साफ केलं. कॅमेरा म्हणजे पुतणीनं नको म्हणून दिलेली खिशातली डबी; मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच कधीच तडकली होती. पहिला फोटो आला तो हिरवा गोळा.

"हे काय, शेवाळ?" मी म्हणालो.

"तुझं तोंड आहे."

मग मी फ्लॅश मारायला सांगितलं. कळीवरचे राळेचे कण असे चमकले की नुसता पांढरा भपका आला. मग लांबून झूम केला. तिचे हात थरथरत होते, फोटोही थरथरला. मग मी "अजून जवळ, अजून जवळ" करत राहिलो, ते कॅमेऱ्याचं नाक कळीत रुतेपर्यंत.

"या बटणावर फूल काढलंय. कशाला असेल?"

"लग्नकार्याच्या फोटोंना असेल," मी ठणकावून सांगितलं.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावरचं शेवाळ हळूहळू कळी व्हायला लागलं. पण हात काही थांबेनात.

"मरू दे. माझ्यात नाही आता त्राण," म्हणत तिनं टेबलावरची राजम्याची पिशवी ओढली, कॅमेरा तिच्यावर निजवला आणि खुर्ची गाठता यावी म्हणून टायमर लावला. मला गारठा लागत होता, म्हणून मी कळ्या वाळवायचा पंखा बंद केला. खिडकीबाहेर धुकं होतं, त्यातून मऊ उजेड येत होता. कळी हलायची थांबली. कॅमेऱ्यानं आपणहून टिचकी वाजवली. आम्ही दोघंही तेव्हा बसलेलो होतो.

फोटो लखलखीत आला. एकेक बारीक देठ, प्रत्येकाच्या टोकाला काचेचा थेंब. दोन-चार थेंब मधासारखे पिकलेले. जे काम आम्ही झटून बिघडवलं होतं, ते दमून जमलं.

व्हर्ना बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"ऑरिन भिंग लावून हे बघत बसायचा," ती म्हणाली. "मला हाका मारायचा, ये गं, बघ तरी. मी म्हणायची, भांडी पडलीत."

माझी कॉफी गार झाली होती, तीच प्यायलो.

ओढ्यापलीकडच्या चढावर मोबाइलला रेंज मिळते, तिथे पाय ओढत जाऊन कॅमेऱ्यातला फोटो मोबाइलवर घेऊन पाठवला. उत्तर लगेच आलं: 'उत्तम. ऑरिन नाव लावतो.' व्हर्नानं ते वाचलं, फोन खिशात टाकला आणि एक लांब श्वास सोडला. परत आलो तर बागेत शेवटचं न तोडलेलं झाड उभं होतं. ती त्याला टेकून उभी राहिली, डोळे मिटून.

"व्हर्ना," मी भीत भीत विचारलं, "अशीच थांब. तुझाही एक काढू का, बागेतला?"

"आधी हात धुऊन ये."