पाठीवरचा श्वास

न्हावऱ्यात वाढलेल्या माणसाला उंच म्हणजे काय ठाऊक असणार? देवळाचा कळस, बांधावरची बाभळ, फार तर शिरूरच्या पेठेतल्या एखाद्या व्यापाऱ्याची माडी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फौजेनं मला हिमालयात नेऊन टाकलं, तेव्हा सुरुवातीचे दिवस मी मान वर करूनच चालायचो आणि दगडांना ठेचकाळायचो. एवढं मोठं काही या जगात असतं आणि ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही, याचा मला चक्क रागच आला होता.

आमची छोटी चौकी एका खिंडीपलीकडं खोलगट जागी होती. डॉक्टर आणि इस्पितळ खिंडीच्या अलीकडं, खूप खाली. दोन्हींमधला निरोप्या म्हणजे मी. माझ्या ताब्यात मागच्या महायुद्धातली एक मोटारसायकल होती. माझ्यापेक्षा तिनं जास्त जग पाहिलेलं, आणि तो तोरा ती रोज किक मारताना दाखवायची. मी गाडी शिकलो मैदानात. वर आलो तो ट्रकमधून; गाडीनं खिंड चढायची वेळ अजून आली नव्हती. माझ्या आधीचा माणूस नुकताच रजेवर गेला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

चौकीत माझ्या भागातला एकच गडी होता, मांडवगण फराट्याचा. घरचे पूर्वी मेंढरं राखणारे, आता शेती करणारे. पेटीत सरकारी कपड्यांच्या खाली त्यानं घरची काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली. आम्ही दोघं एकत्र बसलो की बाकीच्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. आमच्याकडं प्रेमानं बोलतात तेच तसं.

तो आजारी पडला. आधी डोकं धरलं, मग खोकला, मग चार पावलं चालला तरी धाप. ओठ निळसर दिसायला लागले. आता आपल्याकडं माणूस आजारी पडला की आपण काय करतो? खायला घालतो. मीही तेच लावलं. गूळ आण, शिरा आण, रोटी दुधात कुस्कर. "खा लेका, पोटात काय न्हाई म्हणून दम लागतोय." तो तोंड फिरवायचा. मी आणखी आग्रह करायचो. आग्रह करणं मला आईच्या दुधातून मिळालेलं.

चौकीवरच्या औषधं देणाऱ्या शिपायानं एका सकाळी त्याच्या छातीला कान लावला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "नीचे ले जाओ. जितना नीचे, उतना अच्छा." असे आजारी त्यानं पाहिले होते. खाली नेलेले वाचले, राहिलेले राहिले नाहीत. ट्रक परवा येणार होते, आणि परवापर्यंत हा टिकेल असं त्याचा चेहरा सांगत नव्हता. खाली जायचं, पण खाली जाणारा रस्ता आधी वर जात होता, थेट खिंडीवर. मला पहिल्यांदाच त्या डोंगराची भीती वाटली.

त्याला मागं बसवलं आणि त्याच्याच घोंगडीनं माझ्या पाठीशी घट्ट बांधलं. त्याचं डोकं माझ्या मानेखाली टेकलं. कोट, स्वेटर, सगळ्यातून त्याचा श्वास मला कळत होता. अर्धवट, घाईघाईचा, मधेच घरघरणारा.

पहिल्या वळणापर्यंत गाडी बरी चालली. दुसऱ्या वळणावर रडायला लागली. मूठ पिळावी तेवढी ती आणखी मंद होत होती. मला वाटलं, थंडीनं आखडलीय, पेट्रोल कमी पडतंय. मैदानात थंडीच्या सकाळी करायचो तेच केलं: हवेचा दांडा ओढून हवा कमी केली आणि कार्ब्युरेटरवरची बारीक कळ दाबून पेट्रोल आणखी वर आणलं. गाडीनं मागून काळा धूर ओकला आणि ती गपकन बंद पडली.

मग किकवर किक. तिथं किक मारणं म्हणजे गंमत नव्हे. दोन मारल्या की डोळ्यांपुढं काजवे. त्याला सोडवून मी एका दगडाला टेकवून बसवलं. आणि काय सुचावं मला? खिशातला गुळाचा खडा काढून मी त्याच्या तोंडाशी धरला.

त्यानं माझा हात ढकलला. एवढी ताकद त्याच्यात उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"चारू नगंस मला," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला थांबत होता. "पोट भरल्यालं हाय. वारा... वारा पायजे मला."

मी तो गुळाचा खडा हातात धरून तसाच उभा राहिलो. मग गाडीकडं वळलो आणि प्लग काढला. काजळीनं काळाकुट्ट, वर पेट्रोलनं ओलाचिंब. उपाशी कुठली, तिला तर ठसका लागला होता! हवा विरळ झालेली, आणि मी शहाणा तिची उरलेली हवा बंद करून तोंडात घास कोंबत होतो. दोघांचंही मी तेच करत होतो.

प्लग पुसला. कार्ब्युरेटरचं झाकण फिरवून आतली सुई वर काढली. पेट्रोल जाण्याची वाट तीच सुई कमीजास्त करते. तिच्यावरचा बारीक चाप एक खाच वर सरकवला, म्हणजे सुई खाली बसून पेट्रोल कमी जाणार. शिकवताना हे दाखवलं होतं, पण मैदानात कधी गरज पडली नव्हती. पेट्रोल लागून बोटं अशी बधिर झाली की ती माझी आहेत की दुसऱ्याची, कळेना. हवेचा दांडा पूर्ण उघडा टाकला आणि किक मारली. ती खोकली, थांबली, आणि मग सुरू झाली. मी तिच्या टाकीला हात लावून नमस्कार केला.

त्याला पुन्हा पाठीशी बांधून पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं आम्ही चढत गेलो. खाली इंजिन धडधडत होतं, पाठीवर त्याचा श्वास. रस्त्यावर डोळे होते, पण लक्ष सगळं पाठीकडं.

आणि एका वळणानंतर पुढं रस्ताच नव्हता. म्हणजे होता, पण तो खाली जात होता. समोर फक्त आभाळ. आपल्याकडचं निळं नव्हे. भर दुपारी काळपट झालेलं, खोल. त्याखाली बर्फाचे डोंगर, एकामागं एक, नजर संपली तरी ते संपत नव्हते. इंजिन आपोआप बंद पडलं, आणि जी शांतता आली तिला मी काय नाव देऊ? देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा मी असा लहान झालो नव्हतो. सगळं विसरलो. आपण कोण, कशासाठी आलो, सगळं.

मग लक्षात आलं, पाठीवर काहीच नाही. श्वास नाही.

घोंगडी बांधलेली, मागं वळता येईना. "अरे!" मी ओरडलो. "अरे, हायस का?"

"गप," तो मागून पुटपुटला. "बघू दे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी गाडी उतारावर सोडली. वळणामागं वळण खाली जात गेलो, तसा पाठीवरचा श्वास लांब होत गेला. झाडं दिसायला लागली तेव्हा तो मला शिव्या देत होता, की लेका, हळू चालव.

पुढं दोघांना एकदमच रजा मिळाली. दौंड स्टेशनावर उतरलो, एस.टी. धरली आणि आधी मांडवगणला गेलो. मैदानावरची ती जाड, धुळीची हवा आम्ही पोटभर घेत होतो. घरी त्याच्या आईनं पाट मांडला, बाजरीच्या भाकरी, वर तुपाची धार. वाढायला तिचा हात थांबेना. तो सांगत होता, सगळं, घोंगडीसकट. तिला खिंड काही समजत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "बांधलं कुठं व्हतं तुला?"

"ह्याच्या पाठीला, आई."

ती भाकरीची टोपली खाली ठेवून माझ्या मागं येऊन बसली आणि माझ्या पाठीवर तिनं आपला सगळा तळहात टेकवला. बराच वेळ तो तिथंच राहिला.

मग ती उठली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली. "पुरे मावशी," असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हणालो नाही.