थांबवलेलं हृदय
परवा कर्वेनगरात रसवंतीवाला गोणपाटात बर्फ घालून दणादण ठेचत होता, आणि मला एकदम ह्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आठवलं बघा. ह्यांना नुकतंच आत नेलं होतं. धाकटे दीर खडकीच्या फॅक्टरीतून पाळी संपवून धावतपळत आले, तेव्हा डॉक्टर मला बाहेर समजावत होते, "झडप शिवायला हृदय थांबवतो आम्ही. अगदी गार औषध सोडायचं, वरून बर्फ घालायचा, म्हणजे तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूला इजा होत नाही." दिरांनी ऐकलं ते फक्त हृदय थांबवतो एवढंच. "माझ्या भावाला मारतोस?" असं ओरडून त्यांनी डॉक्टरांची कॉलर धरली नि नाकावर बुक्की हाणली. चष्मा फरशीवर फुटला, रक्ताची धार थेट हिरव्या डगल्यावर. दुसरी बुक्की उगारली तशी मी मध्ये घुसले आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं, दिरांच्या खाडकन कानाखाली वाजवली. "भावजी, डॉक्टरांचे हात मोडलेत तर तुमच्या भावाला वाचवणार कोण?" मला वाटलं, संपलं, आता कुठलं ऑपरेशन! डॉक्टरांनी नाकात कापूस कोंबला. "मी नाकाने ऑपरेशन करत नाही," म्हणाले, "कुणीतरी माझा दुसरा चष्मा आणा." संध्याकाळी ते बाहेर आले ते थेट दिरांपाशी. दीर भिंतीला चिकटले. "सुरू झालं पुन्हा. छान चाललंय," डॉक्टर म्हणाले, तसे दीर मटकन खाली बसून ढसाढसा रडले. हे आज ठणठणीत आहेत. त्या थपडेबद्दल मी दिरांची माफी काही मागितलेली नाही, आणि मागणारही नाही.