अख्खं वाक्य वाच रे, बापू!

आम्ही जुने मालवणकर मॅट्रिकवाले एकत्र जमलो की पेडणेकर मास्तरांच्या इंग्रजीचा विषय निघतोच. मग एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा ओरडतो, "थांब, थांब, तो मी सांगतो!" एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या गोष्टी, पण अजून हसून पोट दुखतं.

शाळा सुटल्यावर मास्तर आमचा इंग्रजीचा जादा वर्ग घेत. वर्गात आमचा बापू होता. मुंबईच्या मामाने दिलेली डिक्शनरी त्याच्या काखेत कायम! पहिल्याच दिवशी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'द कॅट लॅप्ड अप द मिल्क.' बापूने फडाफड पानं उलटली. लॅप म्हणजे मांडी!

"सर, मांजराने दूध मांडीवर घेतलं!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "बापू, तुमच्या घरी मांजर दुधाचं काय करतं?"

"पिता, सर!"

"मग इथे वेगळं काय करील? आधी अख्खं वाक्य वाच, अंदाज बांध. डिक्शनरी मागाहून, खात्रीला!"

त्या दिवसापासून आम्हाला अंदाज बांधायचं वेडच लागलं!

एकदा मास्तर आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेले. समोर एक होडी शीड फुगवून झोकात चालली होती. मराठीत एक अक्षर बोलायचं नाही, असा हुकूम. बघता बघता शीड लुळं पडलं, होडी जागच्या जागी डुलायला लागली. मास्तर आनंदाने ओरडले, "लुक! द विंड हॅज ड्रॉप्ड!"

बापू वाळूत वाकून शोधायला लागला. "खंय पडलो, सर?"

आमच्या वर्गातली सुशी शिडाकडे बोट दाखवून किंचाळली, "अरे, वारो पडलो! वारो!"

बापू उडालाच. "आवशीक! हे इंग्रज तर आपल्यासारख्याच बोलतत!"

हाच बापू एकदा मामाला पोचवायला पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, आगबोटीपर्यंत गेला. वरून दोर फेकायच्या आधी बोटीवरचा ऑफिसर गरजला, "स्टँड क्लिअर!" पडावातले सगळे पटापट बाजूला सरकले. बापूने मनात अर्थ जुळवला. स्टँड म्हणजे उभा राहा, क्लिअर म्हणजे स्पष्ट. गडी छाती काढून, साहेबाला स्पष्ट दिसेल असा ताठ उभा राहिला! दोर आला तो थेट छातीवर, आणि बापू पाण्यात!

वर काढल्यावर म्हणतो, "दोनय शब्दांचो अर्थ माका येय होतो रे!"

पण नुसता अंदाजही दगा देतो. शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांना सर्दी झाली होती. दर शिंकेला ते म्हणत, "एक्स्क्यूज मी!" मी लगेच अर्थ लावला आणि आठवड्याने मला सर्दी झाली तेव्हा ऐटीत रजेचा अर्ज लिहिला, 'आय कॅनॉट कम टु स्कूल. आय हॅव एक्स्क्यूज मी सिन्स मॉर्निंग.'

मास्तरांनी खाली लाल शाईने लिहिलं, 'एक्स्क्यूज्ड!'

आणि आता तारेचा किस्सा. शेजारच्या काशीकाकीच्या नवऱ्याला ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं होतं. काकीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अशात एका दुपारी मुलाची तार आली. तेव्हा तार म्हटली की कोणीतरी गेल्याचीच बातमी, असं माणसं धरून चालायची.

"बापू, वाच रे बाबा!" काकीने हात जोडले.

बापूने वाचलं, "फादर डिस्चार्ज्ड..." आणि तिथेच थांबून डिक्शनरी उघडली. 'डिस्चार्ज : मुक्त करणे.' त्याचा चेहरा पडला.

"काकी... काका मुक्त झाले."

काकीने हंबरडा फोडला! अख्खी वाडी धावली. बायका काकीला सावरायला लागल्या, कोणीतरी पाणी आणलं. बापूसुद्धा डिक्शनरी छातीशी धरून रडत होता. सुशी गर्दीतून घुसली, तिने त्याच्या हातातली तार हिसकावली आणि मोठ्याने शेवटपर्यंत वाचली, "फादर डिस्चार्ज्ड. स्टार्टिंग मंडे स्टीमर. कीप बांगडा रेडी."

"काकी, रडा नकात! काका मेले तर बोटीत कशे बसतले? आणि बांगडे कोण खातलो?"

काकीने पदराने डोळे पुसले, तारेकडे रोखून बघितलं आणि कडाडली,

"मेलो! माझी नाय, बांगड्याची आठवण इली तेका!"