पंचफुलाबाई कोणाच्या बाजूच्या?

मोहगावात पंचफुलाबाईंना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. त्यांनी आयुष्यभर अंगणवाडी चालवली. आता ज्यांची लेकरं शाळेत जातात, त्या पोरींनाही गाणी त्यांनीच शिकवलेली. पण बाईंचं नाव गाजलं ते बोकडावरून. पहिला मुलगा झाला तेव्हा सासरच्यांनी मरीमायला बोकड कबूल केला होता. बाईंनी देवळासमोर बोकडाचं दावं सोडलं. "पोरगं माझं, नवस तुमचा, अन् जीव याचा काहून?" सासरे पुंडलिकराव नंतर कित्येक वर्षं त्यांच्या हातचं जेवले नाहीत. बाई मात्र जत्राजत्रांतून बळीविरुद्ध बोलत राहिल्या. कुठं लोकांनी ऐकलं, कुठं हाकलून लावलं.

शेजारच्या शमीमचं बांगड्यांचं दुकान. बकरी ईद जवळ आली की बाई तिलाही म्हणायच्या, "शमीम, हे मले पटत नाही व."

"माहीत आहे. दरसाल सांगतेस."

मग शमीम आपली बाजू सांगायची: त्यागाचा अर्थ, गरिबांचा वाटा. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि तरीही मान हलवायच्या. चहा व्हायचा.

गेल्या वर्षी ईदेच्या आधी जवळच्या सौंसर गावातल्या वैभव नावाच्या तरुणानं तिथं सभा ठेवली. धर्माच्या नावानं होणाऱ्या प्राणिहत्येविरुद्ध, असं त्यानं सांगितलं आणि बाईंना बोलायला बोलावलं. बाई खूश होऊन गेल्या. आधी स्वतःच्या घरातला बोकड सांगितला, मग जत्रांमधले बळी, मग कुर्बानी. "देव कोणाचाही असो, त्याले सुरी लागते हे मी मानत नाही," म्हणाल्या. टाळ्या पडल्या, पण कुर्बानीच्या वेळी जरा जास्तच पडल्या.

मग वैभवनं माइक घेतला. "काकूंनी बरोबर सांगितलं. या लोकांच्या रक्तातच हे आहे. यांच्या दुकानातून काही घेऊ नका, यांना घर भाड्यानं देऊ नका."

बाई खुर्चीतून उठल्या आणि त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी सुरीबद्दल बोलली, बापा. रक्ताबद्दल नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोकड कापले. मंग माझ्या पोराचं रक्त खराब आहे का? तुझ्या घरी नवस होत नाहीत? रीत चुकीची वाटली तर रीतीले नावं ठेव. माणसाची रोजी काहून मारून राहिला?"

"काकू, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या?"

"बकऱ्याच्या!"

काही लोक हसले. बरेच उठून गेले. बाई एकट्याच बसनं मोहगावला परतल्या.

शमीमपर्यंत बातमी आधीच पोचली होती. ती दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"माझ्या घरात काय बोलायचं ते बोल. पण त्यांच्या स्टेजवर बोललीस?"

बाईंना हे लागलं. "स्टेज कोणाचं आहे ते पाहून चढाले पायजे होतं. ते चुकलं माझं. पण जे बोलली ते माझं मत आहे, ते मागं घेत नाही."

शमीमनं दार लोटून घेतलं.

दोन-चार दिवसांतच वैभवचं ऐकून काही पोरं तिच्या दुकानासमोर उभी राहू लागली. गिऱ्हाईक लांबूनच परतू लागलं. हे पाहून बाई त्या पोरांच्या मधून सरळ दुकानात गेल्या आणि हात पुढे करून बसल्या. "भर."

शमीम बांगड्या भरू लागली. बाई संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना नावानं हाका मारत होत्या. "व पूनम, इकडं ये! काहून लाजून राहिली?" पूनम आली. मग तिची जाऊ आली. अंगणवाडीतल्या बाईंसमोर दांडगाई कशी करायची हे त्या पोरांना कळेना. ती एकेक करून पांगली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाहीत.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना शमीम बाईंना म्हणाली, "आता तरी कुर्बानीवर बोलणार नाहीस ना?"

"काहून नाही बोलणार? पण तुझ्याच घरी येऊन बोलीन."

"मग ये. पण माझंही ऐकावं लागेल," शमीम म्हणाली आणि त्यांना घरात घेऊन गेली.