भरवशाचा गाभा

गडचिरोलीच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली, तशी आई आधी कंडक्टरकडे गेली. "भाऊ, पोरीले नागपूरले नीट उतरवून देजा. इटलीले चालली ते."

"इटलीले? काय काम करते तिकडं?"

"डोंगराच्या खाली काम आहे तिचं."

मागच्या सीटवरून एक काका म्हणाले, "मंग घुग्घुस काय वाईट होतं? खाणी तं इथीबी हायेत!" सगळी बस हसली, मीही हसले. आई मात्र हसली नाही. खिडकीच्या गजाला धरून ती एवढंच म्हणाली, "कोनाले भेऊ नोको." गाडी निघाली आणि मी आरमोरी येईपर्यंत रडले. खोटं कशाला सांगू?

तुम्ही गावात राहिलेले विचारता, आणि माझ्यासारखे पुण्या-बंगलोरला, दुबईला गेलेलेही विचारतात, की बाई, तू तिथे करतेस तरी काय? तर ऐका. डोंगराच्या पोटात एक टाकी आहे. झेनॉन नावाचा वायू थंड करून त्याचा द्रव त्या टाकीत भरलाय. विश्वात न दिसणारं द्रव्य भरपूर आहे असं आम्ही मानतो. त्याचा एखादा कण या द्रवाला धडकला तर बारीकसा उजेड पडेल, आणि त्या उजेडाची आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहतोय. आकाशातून कणांचा सतत मारा होत असतो. तो वरच्यावर अडावा म्हणून डोंगराखाली बसायचं. सोपं आहे, उगाच घाबरू नका.

अडचण टाकीचीच असते. तिच्या भिंतींत थोडा किरणोत्सार असतोच. भिंतीजवळ उजेड पडला तर तो आपल्या कणाचा की भिंतीचा, हे नक्की सांगता येत नाही. म्हणून टाकीच्या आत मनानेच एक सीमा आखतात. तिच्या आतला जो द्रव, त्याला म्हणतात फिड्युशियल व्हॉल्यूम. मूळ लॅटिन शब्द भरवशाचा आहे, म्हणून मी त्याला भरवशाचा गाभा म्हणते. सीमेबाहेर काहीही चमको, ते मोजायचं नाही. न्यूट्रिनो नावाचे कण पकडणाऱ्या पाण्याच्या मोठाल्या टाक्यांमध्येही हाच शब्द चालतो. आमच्याकडे तर दिवसातून वीसदा कानावर येतो. "फिड्युशियलच्या आत आहे का?" हा पहिला प्रश्न, बाकी सगळं मग.

दुसऱ्या वर्षी ती सीमा आखायचं काम माझ्याकडे आलं. गटाच्या बैठकीत ते मांडायचं आणि त्यावर माझी पुढची दोन वर्षं ठरायची. नाही जमलं तर सामान बांधायचं. मी काय केलं? सीमा पार भिंतीला नेऊन भिडवली. अहो, हाती आलेलं निम्मं टाकून द्यायचं, हे माझ्या जिवालाच पटेना! मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत टोपलीतून एक फूल सांडलं तरी वाकून उचलणाऱ्या घरची मी. सीमा पक्की होईपर्यंत खरी मोजणी कुलूपबंद ठेवतात, सरावासाठी तिचा थोडासा भाग उघडलेला. त्यात मला सात ठिकाणी उजेड दिसला. मी हवेत! माझी गाईड, पांढऱ्या केसांची इटालियन बाई, तिने ते सात ठिपके पाहिले. सातही भिंतीला चिकटून. ती शांतपणे म्हणाली, "यातल्या एकाची तरी हमी देशील?" आणि निघून गेली.

दुपारी आईला फोन लावला आणि राग तिच्यावर काढला. एवढा महागडा द्रव भरून ठेवलाय आणि म्हणे फक्त मधलाच धरायचा!

"मंग त्यात काय चुकलं त्याईचं?" आई म्हणाली. "आपुन मोहाखाली आधी झाडून काऊन घेतो? झाडलेल्या जागेवर पडलं ते आपलं. कडंचं कोनाच्या झाडाचं, कोन सांगन?"

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. आमच्या झाडाच्या फांद्या आणि शेजारच्या लताकाकूंच्या झाडाच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या होत्या. आई पहाटे झाडून गोल करायची, तो मुद्दाम आत ठेवून. मी नऊ वर्षांची असताना गोलाबाहेरची फुलं वेचून टोपली शिगोशीग भरली होती. शाबासकीची वाट पाहत होते. आईने आधी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मारेल असं वाटलं, पण तिने टोपली तशीच्या तशी लताकाकूंच्या अंगणात नेऊन ठेवायला लावली. आमची आतली फुलंसुद्धा त्यात गेली, कारण आता कोणती कोणाची हे निवडता येत नव्हतं. तेव्हा आईचा भयंकर राग आला होता.

फोन ठेवला आणि सीमा पुन्हा आखायला बसले. चार आठवडे लागले. टाकीत मुद्दाम सोडलेल्या ओळखीच्या कणांवर ताडून पाहत ती एकेक बोट आत सरकवत गेले. सातही ठिपके गेले. मग खरी मोजणी उघडली. आत काही नव्हतं.

बैठकीत मी सरळ सांगितलं, काही सापडलं नाही. एक ज्येष्ठ प्राध्यापक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एवढं टाकून दिलंस? आणखी बाहेर का नाही गेलीस?" म्हटलं, "बाहेरच्याची हमी मला देता येत नाही, सर. आतल्या थेंबाथेंबाची देते. विचारा काय विचारायचं ते." त्यांनी दीड तास विचारलं. मी दीड तास उत्तरं दिली. संध्याकाळी गाईडने पुढच्या दोन वर्षांचं पत्र हातात ठेवलं.

खोलीवर आले, भात टाकला आणि आईला फोन केला.

"काई सापडलं का व?"

"नाई."

"मंग ठेवलं का तुले?"

"ठेवलं."

आई म्हणाली, "कुठून बोलून राह्यली? लय आवाज येऊन राह्यला."

"कुकरचा आहे. घरून बोलतेय."

शब्द तोंडातून गेला आणि मी जागच्या जागी थिजले. दोन वर्षं मी या जागेला खोली म्हणत होते. घर एकच होतं, तिचं. वाटलं, आता तिला लागणार.

"बरं झालं व माय," आई म्हणाली. "मले वाटे, तू तिकडं अजून पाहुणीच हायेस."