तीनदा हाक, मग ठिकाण

आमच्या घरी चहासुद्धा तीन हाकांशिवाय होत नसे. अंगणातल्या खाटेवरून हे हाक द्यायचे, "पारू, पारू, पारू. मी मनोहर, अंगणातून. चहा पाहिजे. ओव्हर." मी चुलीपुढे मुद्दाम गप्प. मग पुन्हा, "पारू, आयकलं का? ओव्हर." सासूबाई कपाळाला हात लावून शेजारणीला सांगायच्या, "बायकोले नावानं हाक मारते, थेही तीनदा. जहाजावर याले काय पाजते, देव जाने."

हे मालवाहू जहाजावर रेडिओ सांभाळायचे. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तळं, त्यामुळे गावानं त्यांना 'जहाजवाले' करून टाकलं. तळ्यात डोंगा घालून मासे धरणारे ढिवरही त्यांना वादळाचं विचारायला येत.

"समुद्रावर रेडिओची हवा सगळ्याइची एकच असते," ते सांगत. "आधी आयकाचं, कोणी बोलून राह्यलं का. मग ज्याले बोलावलं त्याचं नाव, मग आपलं. बोलणं झालं का 'ओव्हर' म्हणून बटण सोडाचं. दाबून ठेवलं त दुसऱ्याचं आयकू येत नाई." माझ्या तोंडाला तेव्हा बटणच नव्हतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी जहाजावरून फोन लावला. किनाऱ्यावरचं केंद्र त्यांचा रेडिओ किराणा दुकानाच्या फोनला जोडून द्यायचं. मी नवी साडी नेसून गेले, जशी काही त्यांना दिसणारच होती. दुकानात अर्धं गाव, पुढे सासरे.

"पारू, पारू, पारू. मी मनोहर. कशी हायेस? ओव्हर."

"अवो," मी म्हणाले.

"'अवो' नावाचं जहाज नाई इथी. नाव घे. ओव्हर."

नवऱ्याचं नाव, तेही सासऱ्यांसमोर. नाव घ्यायची एकच रीत मला ठाऊक होती. डोक्यावर पदर घेतला आणि खड्या आवाजात म्हटलं, "मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा, मनोहररावांचं नाव घेते, आता वाट सोडा." मग कुठल्या तरी दुसऱ्याच जहाजावरचा माणूस म्हणाला, "भाभीजी, एक और." मीही शहाणी, पुढचा उखाणा आठवायला लागले होते.

थट्टा चालत नसे ती एकाच गोष्टीची. एकदा एका मच्छीमार बोटीत पाणी शिरलं. तिच्यावरच्या माणसानं रेडिओवर तीनदा 'मेडे', म्हणजे 'वाचवा', म्हटलं, बोटीचं नाव सांगितलं, लगेच ठिकाण सांगितलं, आणि आवाज तुटला. पण ठिकाण ह्यांच्यापर्यंत पोचलं होतं, म्हणून माणसं हाती लागली. "रडणं नंतर," हे म्हणत. "आधी ठिकाण. आवाज कवा तुटंल, सांगता येत नाई." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, आपल्या जंगलात कुठी आला समुद्र.

एका सुटीत हे घरी असताना आम्ही मोहफुलं वेचायला गेलो. वाघाच्या भीतीनं बाया घोळक्यानं वेचायच्या, हे मागे बैलगाडीपाशी. सगळ्यात भरलेली टोपली माझीच दिसावी म्हणून मी घोळका सोडून पुढे गेले आणि नाल्यात घसरले. पाय असा मुडपला की उठता येईना. शेजारच्या वाळूत वाघाची पावलं, ओली. "वो माय, वो माय" करून घसा बसला. तिकडे बायांचा कलकलाट; त्यात माझं कोण ऐकणार.

तेवढ्यात तो कलकलाट एकदम थांबला. मी दिसत नाही हे ह्यांच्या लक्षात आलं होतं. "सगळ्या चूप ऱ्हा," त्यांचा आवाज आला. "आयकाचं."

होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला. "मनोहर, मनोहर, मनोहर. मी पारू. वाकड्या येनाच्या झाडाखालच्या नाल्यात." वाघाचंही सांगायचं होतं, पण आवाज फुटलाच नाही.

"पोचलं," वरून उत्तर आलं.

बाया हाकाटी करत नाल्यात उतरल्या. ह्यांनी मला उचललं. "आज उखाणा नाई घेतला?" त्यांनी विचारलं. बायांनी मात्र सासूबाईंच्या कानावर आधी नावाचंच घातलं. "जीव वाचला ना," सासूबाई म्हणाल्या, "घेऊ द्या."

हे गेले त्याला बरेच पावसाळे झाले. नातवंडं फोन करतात, चौघं एकदम बोलतात, 'ओव्हर' कोणी म्हणत नाही. ह्यांचं नाव घ्यायला आता मला कोणाचीच आडकाठी नाही. संध्याकाळी पहिला कप मी खाटेपाशी नेते.

"मनोहर, मनोहर, मनोहर. मी पारू, अंगणातून. चहा झाला. ओव्हर."

सून दारातून पाहते. उत्तर आलं नाही तर काय करायचं, तेही त्यांनीच शिकवलं होतं. लगेच दुसरी हाक द्यायची नाही. हवा मोकळी ठेवायची, समोरच्याला वेळ द्यायचा.

मी बटण सोडून बसते.