काकीची वाट

फोंडाघाटच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी सुटेपर्यंत बाबा मला एकच प्रश्न विचारत होते, "माणसां बघूक पुण्याक कित्याक जाऊक व्हया रे? हंय काय कमी आसत?" मी मानवशास्त्र शिकायला निघालो होतो. खरं सांगायचं तर त्या विषयाला फीमाफी मिळत होती, एवढंच मला ठाऊक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीचे ते दिवस. माझ्या मांडीवर सुक्या बांगड्यांची पिशवी. अख्खा घाट चढेपर्यंत शेजारी कुणी बसलं नाही.

दोन वर्षांत मी पार सुधारलो. पँट आली, फाउंटन पेन आलं, बोलणं शुद्ध झालं. दूरच्या बेटांवरच्या जमातींचे मामे-चुलते मला तोंडपाठ होते. सरांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा विजयदुर्गाजवळच्या आमच्या वाडीत मी वही घेऊन हिंडलो. आईला विचारलं, आपला उदरनिर्वाहाचा व्यवसाय कोणता? ती काकीकडे वळून म्हणाली, "तलाठी इलो बघ."

निबंध मी पडवीत मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, 'समुद्रकाठचे हे गाव बाह्य जगापासून अलिप्त आहे.' काकी मासळीची पाटी धूत होती. तिचा नवरा, माझा धाकटा काका, मालबोटीवर खलाशी होता, आणि सात महिने त्याचं पत्र नव्हतं. तिने अलिप्तचा अर्थ विचारला. मी सांगितला: बाहेरच्या जगाशी संबंध नसलेलं.

"मगे माझो घोव खंय आसा रे?" ती हळूच म्हणाली.

पुढचं पान मी उलटलं नाही. 

दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून मी काकीबरोबर निघालो. मासे विकायला ती मुद्दाम लांबच्या वाटेने जायची, हे तेव्हा मला कळलं. त्या वाटेवर बोटीवरून परतलेल्यांची घरं होती. प्रत्येक दारात ती आधी एडन विचारी, मग मोंबासा, मग कुणाला मासे हवेत का ते. कुठल्या गोदीत संप आहे, कुठे तापाची साथ आहे, सगळं तिला ठाऊक. मी पुण्यात ज्या नकाशावर बोट फिरवत होतो, त्यात तिचं माणूस हरवलं होतं.

मी निबंध नव्याने लिहिला आणि त्याला 'काकीची वाट' असं नाव दिलं. सरांनी समासात लिहिलं, 'कोणती? चालायची की बघायची?' गुण बेताचेच दिले.

काकाचं पत्र पावसाळ्याआधी, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असताना आलं, मोंबासाच्या इस्पितळातून, परक्या अक्षरात. जिवंत होता. काकीने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि त्या दिवशी प्रथमच जवळच्या वाटेने बाजारात गेली.

पुढे साठच्या दशकात मीच कॅनडाला आलो. इथे हाच विषय शिकवत पन्नाशी उलटली. जगभरातून आलेली मुलं विचारतात, हे शिकून आजचं जग कसं कळणार? मी म्हणतो, कुठल्याही गावात गेलात की आधी विचारा, इथलं कोण कुठे गेलंय, आणि त्याची वाट कोण बघतंय.

गावी मागे राहिलेल्या भावंडांनो, तुम्ही कळवता की काकी आता फार थकली आहे, तरी पोस्टमनला थांबवून विचारते, "तोरंटाक बर्फ पडलो काय?" माझ्या शहराचं नाव ती अजून चुकते. पण माझ्यानंतर इकडे-तिकडे पांगलेल्या भावंडांनो, तुम्हीही पाहिलं असेल, आपण राहतो त्या शहराच्या थंडीची एवढी काळजी त्या शहरात कुणालाच नसते. घर म्हणजे आता मला तेवढंच उरलं आहे: मी नसताना माझ्याकडचं हवामान जिथे विचारलं जातं, ती जागा.